जुना घाट कीं नवें भुयार?

झुरिकहून मिलानास आगगाडीनें जावयाचें ठरलें, आणि वेळापत्रक उघडतांच आमच्या घरांत दोन पक्ष पडले. 2016 सालीं खुल्या झालेल्या 57 किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड तळबोगद्यांतून थेट गाडी सुमारें सवातीन तासांत पोहोंचविते. चिरंजीवांचा कौल अर्थातच तिला. परंतु आल्प्स पाहावयास जाऊन त्याच्या पोटांतून अंधारांत निघून जाणें मला रुचेना.

1882 सालचा जुना डोंगरी मार्ग अद्याप चालू आहे. त्यानें गेल्यास तासाहून अधिक वेळ मोडतो, हें खरें. पण गाडी वळणावळणाच्या बोगद्यांतून चढत असतां वासेन गांवचें तेंच प्रार्थनामंदिर प्रथम डोक्यावर, मग समोर आणि अखेर पायांखालीं दिसतें. प्रदक्षिणाच म्हणावयाची! पुढें गोशेननपाशीं 15 किलोमीटरांचा जुना बोगदा. तो खणविणारा कंत्राटदार लुई फाव्र 1879 मध्यें बोगद्यांतच गतप्राण झाला; दोन्ही बाजू एकमेकींस मिळाल्या त्या पुढच्या वर्षीं. हें ऐकून चिरंजीव नरमले.

अडचण उरली ती बेलिंझोना येथें सामानासह गाडी बदलण्याची. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांस तें झेपेल काय? निकाल त्यांनींच दिला : “दोन पेट्यांऐवजीं एकच घ्या, म्हणजे झालें.”