आईच्या खोलीतला डबा आणि माझा टायमर

ऑगस्ट २०२४ च्या पुराच्या आठवणी सगळे लिहिताहेत, म्हणून मीही लिहितो. माझी आठवण पाण्याची नाही, पाणी ओसरल्यानंतरची आहे.

आमचं घर अकोट्याच्या बाजूला, विश्वामित्रीपासून फार लांब नाही. गोकुळाष्टमीच्या दिवशी पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाणी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला आम्ही खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. जवळच्या वस्त्यांत मगरी दिसल्याचे व्हिडिओ फिरत होते. आईचा एकच प्रश्न, "आपल्याकडे आली का रे?"

मगर आली नाही. गाळ मात्र आला, आणि त्याचा वास. गणपती वरच्या मजल्यावर बसवले. खाली फिनेल झालं, ब्लीचिंग झालं, गाद्या टाकून दिल्या, प्लास्टर खरवडलं, तरी आईच्या खोलीतला कुबट वास जाईना. आणि जिना चढता येत नसल्याने तिला तीच खोली हवी.

मुलाने पुण्याहून ओझोनचं मशीन पाठवलं. डब्याएवढं, आत पंखा आणि एक पट्टी. पट्टीवर उच्च दाबाची वीज खेळते आणि हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. वीज कडाडल्यावर येतो तसला तिखट वास. तो वासाचे रेणू मोडतो हे खरं, पण फुफ्फुसालाही सोडत नाही. म्हणून माणूस, पक्षी, झाड, काही आत ठेवायचं नाही. शिवाय थोड्या वेळाने नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही.

मशीनला मी बाजारातला प्लगचा टायमर लावला, गोल तबकडीचा. अर्ध्या तासावर ठेवला. दहा मिनिटांत लाइट गेली. तासाभराने मी खिडक्या उघडल्या, पंख्याऐवजी वर्तमानपत्राने वारा घातला, खोली छान झाली असं समजलो. प्लग काढायचा राहिला. दुपारी आई जाऊन झोपली, पावसाची सर आली म्हणून हिने खिडकी लावली. साडेतीनला लाइट आली.

त्या टायमरची मोटर विजेवर चालते हो! वीज गेली तेव्हा तोही थांबला होता. राहिलेली वीस मिनिटं त्याने इमानदारीने पुरी करायला घेतली.

ही चहा घेऊन गेली म्हणून कळलं. आई खोकत होती, डोळ्यांतून पाणी, उठून बसता येईना. बाहेर ओट्यावर आणलं, मग डॉक्टर, वाफारा, दोन रात्री देखरेख. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पुरात मगर आली नाही घरात. ती तू आणलीस." मी काय बोलणार?

आमचे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं, दादासाहेब फाळकेही तिथलेच. मी आपला पॉलिटेक्निकचा, आणि निवृत्तीनंतर कढई सोडून काही गरम केलेलं नव्हतं. माळ्यावरचा सोल्डरिंग आयर्न तेवढा पुरातून वाचला होता. रावपुऱ्यातला दुकानदार म्हणाला, "काका, तैयार मळे छे, शुं काम माथाकूट करो छो?" तयारवाल्यानेच तर घात केला, हे त्याला सांगितलं नाही.

घेतली ती ४०६० नावाची छोटी आयसी. तिच्यात घड्याळासारखे ठोके पडतात आणि ती ते मोजते. एक मेगाओमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधारण ०.२२ सेकंदाला एक ठोका. शेवटचा पाय ८१९२ ठोक्यांनंतर जागा होतो, म्हणजे अर्ध्या तासाला चिकटून. त्याने रिले सोडायचा.

खरी अक्कल मोजण्यात नाही, रिलेत आहे. बटण दाबलं की रिले ओढला जातो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. दुसऱ्या संपर्कातून मशीनची वीज. लाइट गेली की पकड सुटते, आणि परत आली तरी आपोआप धरत नाही. पुन्हा चालू करायला माणसाने येऊन बटण दाबायलाच हवं. रिलेच्या वाटेत दाराच्या चौकटीवर चुंबकाची पट्टी बसवली, दार उघडलं की सगळं बंद. खोका आणि बटण खोलीबाहेर, वर लाल दिवा. वायर दाराखालच्या फटीतून.

आधी मशीनच्या जागी बल्ब लावून तीनदा तपासलं. एकतीस मिनिटं आली, चालेल. मध्येच मेन स्विच पाडला, परत चढवला. बल्ब लागला नाही. मी दोनदा खाली-वर केला, तेव्हा ही म्हणाली, "पुरे आता, फ्रिज जाईल."

तरी मशीन बंद झाल्यावर तासभर दार उघडायचं नाही, मग खिडक्या उघडून आणखी तासभर कोणी आत झोपायचं नाही, हा नियम. वेळ दारावरच्या पाटीवर खडूने लिहायची. आणि खरं सांगू? वास मुख्यतः गेला तो दिवाळीत भिंती नीट सुकल्यावर. मशीनने हातभार लावला, एवढंच. कपाटातल्या रबरबँडना मात्र चिरा पडल्या, ते ओझोनचं काम.

आई आता खालीच झोपते. मशीन नोव्हेंबरपासून माळ्यावर आहे, तरी खोका मी काढलेला नाही. रोज दुपारी आत जाण्याआधी ती थांबते, दिव्याकडे बघते आणि हिला विचारते, "विझलाय ना गं?"