उजेड कुठून, आपण कुठे

मंगल कार्यालयात शिरलो की मी आधी वर बघतो. छत किती उंच आहे, स्लॅब आहे की पत्रा, रंग पांढरा आहे की पिस्ता, खाली मांडवाचं कापड ताणलंय का, एवढं बघितल्याशिवाय बॅगेची चेन उघडत नाही. मग स्टेजवर जातो. व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, भटजींची ताटं, करवल्यांची गर्दी हे सगळं वगळून मला पाय ठेवायला कुठे जागा उरणार, ते शोधतो आणि तिथून पाटापर्यंतचं अंतर पावलांनी मोजतो. छतावरून माझा फ्लॅश ठरतो आणि पावलांवरून लेन्स.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात लग्नाचे फोटो काढण्यात माझी उमेद गेली. हाताखाली शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "सर, कोणती लेन्स घेऊ?" त्यांच्या घरच्यांनी कर्ज काढून किंवा सोनं मोडून पैसे दिलेले असतात, म्हणून या प्रश्नाला घाईने उत्तर देणं मला पाप वाटतं. मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारतो. तू कुठे उभा राहणार आहेस? आणि उजेड कुठून येणार आहे? सामानाची निवड या दोन प्रश्नांच्या बाहेर फारशी जात नाही, असं माझं मत आहे.

पहिला प्रश्न लेन्सचा. लेन्सवर मिलिमीटरमध्ये जो आकडा लिहिलेला असतो, तो ती लेन्स किती रुंद बघते हे सांगतो. ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंश बघते, ५० मिमीची सुमारे ४७ अंश आणि ८५ मिमीची २८-२९ अंश. बहुतेक मुलांच्या पहिल्या कॅमेऱ्यात सेन्सर याहून लहान असतो, त्यामुळे तीच लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वागते. त्यांच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ७५-८० ची होऊन बसते आणि लहान खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी हळदीला बसलेली चार माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. घरगुती हळद, बारसं, डोहाळजेवण असली कामं करणाऱ्याने त्या कॅमेऱ्यासाठी ३५ मिमी आधी घ्यावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता खरी गोष्ट. चेहरा कसा दिसेल हे लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खोली धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर कान ५२ वर असतात. म्हणजे कानांच्या मानाने नाक ३० टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. रुंद लेन्स चेहरा बिघडवते असं लोक म्हणतात, पण ती लेन्स आपल्याला जवळ जायला लावते आणि जवळ गेल्यामुळे चेहरा बिघडतो. नवरीची आई अल्बम बघताना "ही आमची मुलगी वाटतच नाही" असं म्हणते, तेव्हा तिचं बरोबर असतं. तिने आपली मुलगी कधी हातभर अंतरावरून, एका डोळ्याने बघितलेली नसते.

म्हणून अंतरपाटाच्या वेळी माझ्या हातात ३५ मिमी असते, कारण शेवटचं "सावधान" झालं की माणसं पुढे सरकतात आणि मागे हटायला जागा नसते. तिथे मला एकाच फ्रेममध्ये अंतरपाट, दोन्हीकडचे मामा आणि अक्षता धरलेले हात हवे असतात. नुसत्या चेहऱ्यासाठी ८५ मिमी घेतो आणि दोन-तीन मीटरवर राहतो. कन्यादानाला मात्र स्टेजच्या खाली उतरून ७०-२०० लावतो. ही लेन्स दीड किलोच्या आसपास भरते, दिवसभर खांदा धरतो, तरी तिथे तीच हवी. बाप लेकीचा हात दुसऱ्याच्या हातात देत असताना त्याच्या तोंडासमोर कॅमेरा नेऊ नये. अंतरात माणसाचा मानही असतो, आणि लांबची लेन्स तो राखू देते. पाठवणीलाही माझा हाच नियम आहे.

लेन्सवरचा दुसरा आकडा अपर्चरचा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ ला ओढली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. साधी, स्वस्त ५० मिमी एफ १.८ तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे शटर १/२० वर ठेवावं लागून हलणारे हात पुसट येतात, तिथे ही लेन्स १/२०० देते. एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू या धंद्यात नाही. पण उघड्या अपर्चरची किंमत मोजावी लागते. ८५ मिमीवर, एफ १.८ ला, २ मीटरवरून जेमतेम ६ सेंटिमीटर खोली रेखीव येते. नवरा नवरीपेक्षा वीतभर मागे बसला असेल तर तिच्या पापण्या मोजता येतात आणि त्याच्या मुंडावळ्या धुक्यात जातात. अल्बम दोघांचा असतो. जोडीसाठी मी एफ ४ च्या आत सहसा येत नाही, आणि मग कमी पडलेला उजेड कुठून तरी आणावा लागतो.

इथे दुसरा प्रश्न सुरू होतो.

कॅमेऱ्यावर बसवून सरळ समोर मारलेला फ्लॅश डोळ्यांच्या रेषेतून येतो. चेहऱ्यावरची सावली तो पुसून टाकतो, आणि सावली गेली की गालांचा उंचवटा, नथीचं वजन, मुंडावळ्यांच्या मोत्यांचा गोलवा सगळं सपाट होतं. कपाळावरचं तेल चमकतं, पैठणीच्या जरीच्या जागी पांढरा डाग उरतो, मागच्या पडद्यावर काळी कड उमटते. यात फ्लॅशचा दोष नाही, दिशेचा आहे. तोच फ्लॅश वर वळवून थोडा मागे, थोडा बाजूला झुकवला, की छताचा मोठा तुकडा दिवा बनतो. उजेडाचा उगम माणसाच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. दहा-बारा फुटांवरचा पांढरा स्लॅब म्हणजे फुकट मिळालेला सॉफ्टबॉक्स. म्हणून फ्लॅश घेताना मी पहिल्यांदा त्याची मान बघतो. ती वर होते का, दोन्ही बाजूंना फिरते का? मान न वळणारा फ्लॅश कितीही ताकदीचा असो, लग्नाच्या कामाला घेऊ नये.

सगळीकडे पांढरा स्लॅब मिळत नाही. पिस्ता रंगाच्या छतावरून उजेड परत आला तर नवरीचा चेहरा हिरवट पडतो आणि तो संगणकावर सुधारताना हळदीचा पिवळा बिघडतो. गुलाबी कापडाचा मांडव सगळ्यांना गुलाबी करतो. तीस फुटांवरच्या पत्र्याकडे सोडलेला उजेड तर परतच येत नाही. अशा ठिकाणी स्टँड, पांढरी छत्री आणि रेडिओ ट्रिगर लागतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लावला की काम निम्मं झालं. होमाच्या वेळी मी तो मागच्या कोपऱ्यात नेतो. समोरून मारलेला फ्लॅश धुराची पांढरी भिंत उभी करतो, मागून आलेला उजेड त्याच धुराला आकार देतो.

फ्लॅशच्या खोक्यावर ताकदीचा आकडा असतो, त्याला गाइड नंबर म्हणतात. या आकड्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १०० साठीचं अपर्चर मिळतं. खोक्यावर ६० लिहिलेलं असलं, तरी तो आकडा बहुधा डोकं २०० मिमीवर झूम करून, उजेडाची अरुंद पट्टी करून मोजलेला असतो. ३५ मिमीच्या रुंदीला तोच फ्लॅश चाळिशीच्या आत येतो. दुकानात दोन फ्लॅशची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच झूमवरचे आहेत का, ते विचारून घ्यावं.

ताकद कुठे लागते, ते ग्रुप फोटोत कळतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. फ्लॅशपासून पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर पुढे बसलेली मुलं पांढरी पडतात आणि मागे उभे असलेले काका अंधारात जातात. फ्लॅश ४ मीटर मागे नेला की अंतरं ६ आणि ८ होतात, आणि मागच्या रांगेला पुढच्याच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळतो. एवढ्या लांबून, तेही छत्रीतून पोचायचं तर ताकद हवीच. आयएसओ ४०० केलं की गाइड नंबर दुप्पट होतो, त्याचा इथे आधार होतो. ग्रुप फोटोला मी फ्लॅश ऑटोवर ठेवत नाही. या ऑटो पद्धतीत, म्हणजे टीटीएलमध्ये, खऱ्या फ्लॅशच्या क्षणभर आधी मोजणीसाठी एक बारीक फ्लॅश उडतो आणि काही माणसांच्या पापण्या त्यालाच मिटतात. मॅन्युअलवर आगाऊ फ्लॅश नाही, त्यामुळे आजींचे डोळे उघडे येतात.

फ्लॅश लावला म्हणजे कार्यालयाचा मूळ उजेड मारायचा असं नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंतच्या शटरला साधा फ्लॅश जुळतो, आणि त्या मर्यादेच्या आत शटर बदललं तर फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, मागच्या उजेडात पडतो. १/२०० ला मागचा हॉल काळोखी गुहा होतो. १/५० ला झुंबरं, माळा, पंगतीची लगबग सगळं फोटोत येतं. एलईडी दिव्यांच्या पट्ट्या फोटोवर उमटत असतील तर १/१०० किंवा १/५० वर यावं, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ते दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. दिवे पिवळे, ३२०० केल्विनच्या आसपासचे असतील, तर फ्लॅशवर नारिंगी जेल लावावा, नाहीतर चेहरा निळसर आणि मागची भिंत केशरी असे दोन वेगळे दिवस एकाच फोटोत दिसतात.

हे सगळं नव्या यंत्रांचं शास्त्र आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा १९४६ चा गांधीजींचा फोटो पुन्हा बघावा. 'लाइफ' मासिकासाठी तो त्यांनी पुण्यात काढला. आधी चरखा चालवायला शिका, अशी अट त्यांना घातली होती आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी होती. फोटोत चरखा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आहे, गांधीजी त्याच्या मागे बसून वाचताहेत आणि खोलीत खिडकीचा उजेड आहे. जवळची वस्तू मोठी दिसते, हा नाक फुगवणारा नियमच तिथे चरख्याला माणसाइतका मोठा करतो आणि फोटोला अर्थ देतो. कुठे बसायचं आणि कोणता उजेड धरायचा, हे त्या बाईंनी ठरवलं होतं. आज आपल्या हातात कार्डभर फोटोंची आणि हजारो फ्लॅशची मुभा आहे. ते दोन निर्णय आपण घेतले नाहीत, तर ही मुभा वाया जाते.

म्हणून खरेदीचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी एक उघड्या अपर्चरची स्वस्त प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. मग मान फिरणारा, मॅन्युअल चालणारा एक फ्लॅश आणि रिचार्जेबल सेलचे दोन जादा संच. मग स्टँड, छत्री, ट्रिगर. त्यानंतर ८५. ७०-२०० एक-दोन मोसम भाड्याने आणावी, काम वाढलं तर विकत घ्यावी. जुनी लेन्स घेताना, मग ती मुंबईच्या बोराबाजारातून असो की मित्राकडून, तिच्यातून टॉर्च धरून आरपार बघावं. आपल्या पावसाळी हवेत, कोकणात तर फारच, काचेवर बुरशीचे जाळीदार धागे धरतात. घरी आल्यावर ती हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, नाहीतर ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवावी. फिल्मच्या जमान्यातला जुना फ्लॅश कुणी फुकट दिला तरी डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. अशा फ्लॅशपैकी काहींचा ट्रिगर व्होल्टेज २०० च्या वर असतो आणि तो कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो.

आणि पहिली लेन्स घेण्याआधी एवढं करा. किट लेन्सवर काढलेले तुमचे स्वतःचे, मनापासून आवडलेले शंभर फोटो बाजूला काढा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिलिमीटरवर काढला, हे नोंदलेलं असतं. जो आकडा पुन्हा पुन्हा येईल, ते तुमचं उभं राहायचं अंतर. त्या आकड्याची लेन्स घ्या, उरलेल्या पैशात फ्लॅश घ्या, आणि कॅमेऱ्याचं नवं मॉडेल एक वर्ष पुढे ढकला.