आंबील आणि सुरा

के. आर. पुरमच्या मुक्कामात आंब्याची हंगामी बिअर चाखण्याचा योग आला. बेंगळूरकरांना तिची नवलाई वाटते. पण कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाच्या प्रकरणी, 'सहकारसुरा' नोंदविलीच आहे. मला मात्र नाचणीची बिअर अधिक बोलकी वाटली. मोड आणून वाळविलेली नाचणी जवाच्या जोडीने भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात ठेवली, की पिष्टाची साखर होते. पुढचे काम किण्वाचे. आमच्याकडे नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील करीत. कन्नडमधील 'अंबली' तिची सख्खी बहीण. आंबील देवीच्या नैवेद्याला चाले. तेच धान्य आणखी काही दिवस आंबले असते, तर आजीने त्याचे नावही घरात घेऊ दिले नसते.