अण्णांची भाकरी

मुलांनो, आज तुमच्या डब्यात काय होतं? पोळी, भाकरी की पाव? माझ्या डब्यात लहानपणी बारा महिने भाकरी असायची. शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी बाजरीची, आणि सुट्टीत भीमा ओलांडून दौंड तालुक्यात आजोळी गेलं की ज्वारीची. आजी म्हणायची, "आमच्या शाळूची भाकरी बघ, कशी चंद्रासारखी पांढरी!" त्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "बाजरीशिवाय अंगात ताकद येते होय?" हे भांडण कधी मिटलंच नाही.

अशा अण्णांनी एक दिवस भाकरी सोडली!

त्याचं असं झालं. अण्णांना मधुमेह आहे. एका लग्नात कुणीतरी त्यांना सांगितलं, "धान्य म्हणजे विष. भाकरी, पोळी, भात सगळं बंद करा. साखर आपोआप उतरेल." अण्णांनी कुणालाच विचारलं नाही. भाकरी बंद, वाटीभर भाजी आणि काकडीवर दिवस. मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालूच!

तिसऱ्या दिवशी कांद्याला पाणी देताना त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. ते बांधावरच बसले. नशीब, माझा धाकटा भाऊ जवळच होता. त्याने घरून साखरेचं पाणी आणून पाजलं आणि तसाच त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रागावले. "साखर उतरवायची गोळी घेतलीत आणि पोटात काही नाही! साखर फार खाली गेली. कुणी पाहिलं नसतं तर जिवावर बेतलं असतं."

मी विचारलं, "मग तो पाहुणा खोटं बोलला का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. अर्धं खरं बोलला. अर्धं खरंच जास्त फसवतं."

मग त्यांनी जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते. धान्याच्या दाण्याला बाहेरून कोंडा असतो, आत अंकुर आणि पिठूळ गर. मैदा करताना किंवा तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंडा आणि अंकुर निघून जातात. उरतो नुसता गर. बाजरी-ज्वारी आपण सगळीच दळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत पाहा: १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि ६ मिलिग्रॅम लोह असतं. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी, आणि लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही! तंतूंमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. लोह रक्तासाठी लागतं, आणि वर लिंबू पिळलं तर ते अंगी लागायला मदत होते.

म्हणून काय भाकऱ्यांवर भाकऱ्या खायच्या? मुळीच नाही! भाकरीनेही रक्तातली साखर वाढतेच. त्याच संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं, की दिवसभराच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यांतून येऊ नयेत. बाकीचे डाळी-उसळी, भाज्या, फळं, दूध, शेंगदाणे यांतून यावेत. आपल्या ताटात मात्र बऱ्याचदा तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी! तिथे पाहुण्याचं म्हणणं खरं होतं. शिवाय काहींना गहू खरोखरच चालत नाही, कारण त्यातलं ग्लूटेन त्यांच्या आतड्याला बाधतं. अशांना ज्वारी-बाजरी चालते, कारण तिच्यात ग्लूटेन नसतंच. म्हणून तर भाकरी पोळीसारखी ताणून लाटता येत नाही, हातावर थापावी लागते, बरं का!

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा साऱ्या जगाने बाजरीचं कौतुक केलं. ज्या भाकरीचा डबा मी शाळेत झाकून खायचे, तिचंच हे कौतुक!

आता अण्णा तीनऐवजी दीड भाकरी खातात, डॉक्टरांनी ठरवून दिलेली. सोबत मटकीची उसळ, मेथी आणि लिंबाची फोड. गोळी वेळेवर, जेवणही वेळेवर.

तुम्ही एवढंच करा. आज रात्री जेवायला बसलात, की आपल्या ताटाकडे नीट बघा. भाकरी किती आणि भाजी-उसळ किती? आणि घरात कुणी औषध घेत असेल आणि एकदम जेवण बदलू लागलं, तर हळूच म्हणा, "आधी डॉक्टरांना विचारू या ना!" लहान तोंडी मोठा घास झाला तरी चालेल.