एका पावसाळ्याचा फुटबॉल

धारवाडच्या शाळांतून फुटबॉलचा हंगाम पावसाबरोबर येई आणि पावसाबरोबरच जाई. जूनमध्ये शाळा उघडत, जुलैच्या भुरभुर पावसात सराव सुरू होई आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आंतरशालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी उरकल्या जात. दसऱ्यानंतर फुटबॉलची आठवणही कोणी काढीत नसे. ज्या हंगामाविषयी मी लिहितो आहे, तो १९७५ चा. म्हैसूर राज्याचे ‘कर्नाटक’ होऊन दोन वर्षे होत आली होती. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी मात्र अजून मुंबई इलाख्यातच नांदत होती. मी दहावीत होतो आणि संघात राखीव खेळाडू होतो. राखीव खेळाडूला खेळ कमी आणि पाहणे फार, त्यामुळे आठवणी माझ्यापाशी जास्त राहिल्या असाव्यात.

शाळेला वर्षाकाठी एकच नवा चेंडू मिळे. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, शिवणीवर वादी. भिजला की तो चांगलाच जड होई आणि वादीची बाजू कपाळावर बसली, तर दोन दिवस वळ राही. ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानातून पंक्चर काढून आणण्याची कामगिरी माझी. आमचे पी. टी. सर शिस्तीचे, पण मनाने हळवे. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात हैदराबादचे शाळामास्तर, ही गोष्ट ते दर हंगामात एकदा तरी सांगत. सांगताना त्यांचा आवाज किंचित बदले.

संघात लिंगायत घरची मुले होती, दोन मुसलमान भाऊ होते, गोलरक्षक ख्रिस्ती होता आणि आम्ही दोघे-तिघे मराठी. मैदानावरची भाषा कोणत्याच व्याकरणात बसणारी नव्हती. ‘इकडं कोडो!’ अशी आरोळी ऐकली की चेंडू बरोबर येई. अर्धे मराठी, अर्धे कन्नड, काम पूर्ण. घरी मात्र अशी आरोळी ठोकली असती, तर आजीने पाटावरून उठविले असते.

संघाचा खरा आधार होता आमचा सेंटर फॉरवर्ड. तो गवळ्यांच्या वस्तीतला. पहाटे म्हशी, मग दुधाचा रतीब, मग शाळा. सरावाला येई तेव्हा अंगाला शेणाचा वास असे आणि पायांत आम्हा सर्वांहून अधिक बळ. धारवाडच्या गवळ्यांची घरची बोलीही मराठीच, पण ती आमच्या घरांतल्या मराठीसारखी नव्हे. आम्ही पुस्तके आणि मासिके यांच्या आधारावर आपले मराठी टिकविले. त्याने ते म्हशींशी आणि माणसांशी बोलून टिकविले होते. एकदा सरावानंतर मी त्याला घरी आणले. आजीने विचारले, “कुणाचा रे तू?” तो म्हणाला, “शेजारच्या वाड्यात दूध घालतुया की आज्जी.” तिने गुळ-शेंगदाणे दोघांच्याही हातावर ठेवले, तो गेल्यावर ‘मुलगा चांगला आहे, पण भाषा फार अशुद्ध’ असा शेराही दिला. त्या काळी आपल्या पुष्कळ घरांतून हाच शेरा मिळाला असता.

पुढे मी शेती खात्यात नोकरी केली, म्हणून मातीविषयी दोन शब्द लिहिण्याची मुभा असावी. धारवाडच्या पश्चिमेकडची माती तांबडी. तिच्यातून पाणी झरझर उतरते. हुबळीकडे सरकावे तशी ती काळी होते. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि धरलेला पाय सोडीत नाही. सरांनी मृदाशास्त्र वाचले नव्हते, पण त्यांना हे ठाऊक होते. हुबळीला निघताना ते म्हणत, “चेंडू जमिनीवर ठेवू नका, उचला.”

जिल्ह्याचा अंतिम सामना हुबळीतच झाला, तोही रेल्वे वसाहतीतल्या मुलांशी. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीत कारखाना आणि वसाहत. तेथल्या मुलांना फुटबॉल बापाकडून मिळालेला. ती बूट घालून उतरली. आमच्यातल्या निम्म्यांपाशी कॅनव्हासचे जोडे होते, तेही पहिल्या पाच मिनिटांत चिखलाने ठेवून घेतले. मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलने मागे होतो. नंतर आमच्या सेंटर फॉरवर्डने अनवाणी दोन गोल केले. दुसरा गोल मला अजून दिसतो: चेंडू चिखलात रुतला, बचावपटू तो पुढे येईल म्हणून थांबला आणि याने म्हशीला डबक्यातून बाहेर काढावे तसा तो पायाने उपसून मारला. विभागीय सामन्यासाठी आम्ही बेळगावला गेलो आणि पहिल्याच फेरीत दोन गोलांनी हरलो. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते आमच्यापेक्षा चांगले खेळले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तो गणित आणि इंग्रजीत गेला. पुन्हा बसला नाही. शाळा संपली, तसा त्याचा फुटबॉलही संपला.

नोकरीच्या काळात नातलगांकडे कोल्हापूरला जाणे होई, तेव्हा शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब यांचे सामने पाहिले. तेथे शाळा सुटली तरी संघ सुटत नाही. पेठेची तालीम असते; कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या त्या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला आणि दहावी नापास मुलालाही तेथे जर्सी मिळते. भांडणेही होतात, सामने थांबवावे लागतात, हे मान्य. पण २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला. अमेरिकेकडून भारत ३-० ने हरला, त्या रात्री दूरदर्शन संचासमोर बसून मी त्या मुलाकडे पाहत होतो आणि मनात आमच्याच गवळ्याचे माप घेत होतो. आमच्या शहरात त्याच्यासाठी शाळेच्या पलीकडे काहीही नव्हते. आम्ही मराठी मंडळींनी वाचनालये काढली, गणेशोत्सव चालविले, नाटके बसविली. तालीम मात्र काढली नाही. काढली असती, तर तिच्या दारातून तो आत आला असता का, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो भेटला. म्हशी आता दोनच. नातू इंग्रजी शाळेत जातो आणि रविवारी मित्रांबरोबर तासाचे पैसे भरून हुबळीत कृत्रिम गवतावर फुटबॉल खेळतो. आजोबा एकदा पाहून आले होते.

“चिखलच न्हाई रं तितं,” तो मला म्हणाला. “मग बॉल अडायचा कसा?”