चाकांवरचें घर

वऱ्हाडांतील माणसाला समुद्र भेटावयाचा तो भूगोलाच्या पुस्तकांत. आमचें किन्हीराजा वाशीम जिल्ह्यांतलें. उन्हाळ्यांत विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे घागरीघागरीचा हिशेब सुरू होतो. माझ्या नशिबीं मात्र सन १९७९ मध्यें गुहागरजवळच्या एका खेड्यांतील शाळा आली, आणि सात वर्षें मीं समुद्राच्या शेजारीं काढलीं. त्या वेळीं घरीं आई अंथरुणास खिळलेली, दोन धाकटे भाऊ शिकत असलेले. म्हणून आमच्या कुटुंबास गांवींच राहावें लागलें. “पुढच्या सुटींत तुला समुद्र दाखवीन,” असें मीं पहिल्याच वर्षीं म्हटलें होतें. वचन देतांना मनुष्य जितका उदार असतो तितका तें पाळतांना नसतो, हें मुलांना शिकविणारानें आधीं स्वतः शिकावयास हवें होतें.

पुढें बदली झाली, आई गेली, भावांचे संसार मार्गीं लागले, मी निवृत्त झालों. दोन वर्षांपूर्वीं हिला अर्धांगवायूचा झटका आला. आतां काठीच्या आणि कोणाच्या तरी हाताच्या आधारानें ती दहा पावलें चालते. गुहागरकडच्या मित्राचें बोलावणें दर वर्षीं येई, व दर वर्षीं मी नकार कळवीं. खरी अडचण अंतराची नव्हती. वाटेवरच्या शौचकूपाची होती. वाचकांपैकीं जे वडीलधारे असतील त्यांना हें अधिक फोड करून सांगावयास नको.

ही अडचण पुण्याच्या पुतण्यानें सोडविली. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून अशा गाड्या आपल्याकडेही भाड्यानें मिळूं लागल्या आहेत, असें तो म्हणाला. गेल्या माघांत आम्ही पुण्यास गेलों, तों दारांत गाडी उभी! आंत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, आणि बसावयाच्या उंचीचा शौचकूप. ही सर्व पाहून म्हणाली, “घराला चाकें लावलीं खरीं, पण उंबरठा कुठें आहे?”

ताम्हिणी घाट उतरून माणगांवावरून आम्ही दिवेआगरास आलों. रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा हा सागरी मार्ग नांवानें महामार्ग. परंतु कित्येक गांवांतून तो दोन कुंपणांमधून चोरट्यासारखा निघतो. कोठें फणसाची फांदी आडवी आली कीं पुतण्या खालीं उतरून ती काठीनें वर धरी आणि मी गाडीच्या टपाकडे डोळे लावून बसें. टाकीतलें पाणी मात्र हिच्या ताब्यांत. तोंड धुवावयास एक तांब्या, त्याहून थेंब अधिक नाहीं!

दिवेआगर सोडून श्रीवर्धनाकडे निघालों, आणि एका वळणावर उजव्या हातास एकाएकीं समुद्र आला. पुतण्यानें गाडी थांबविली. ही खिडकीशीं बराच वेळ बसून होती. मग माझ्याकडे न पाहतांच म्हणाली, “एवढें पाणी! आणि सात वर्षांच्या पत्रांत तुम्हीं एकदाही लिहिलें नाहींत.”

मला उत्तर सुचेना. माझ्या पत्रांत पगार असे, आईच्या औषधाची चौकशी असे, कापसाचा भाव असे. समुद्र नव्हता. तिला हळहळ वाटेल म्हणून लिहिलें नाहीं, असें मी इतकीं वर्षें स्वतःस सांगत आलों. पण दिलेल्या वचनाची आठवण तिला होऊं नये, हेंच खरें कारण होतें.

बागमांडल्यास गाडीसकट फेरीबोटींत चढलों व वेसवीस उतरलों. पुढें दापोलीकडचें मुरूड लागलें. येथूनच महर्षि कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. बिछान्यावर पडून ही गोष्ट सांगतांना माझी मलाच लाज वाटली. दाभोळ ते धोपावे हीही खाडी फेरीबोटीनेंच ओलांडावयाची. मोटारी नेणारी ही बोट २००३ पासून चालूं आहे. माझ्या वेळीं मी येथें ट्रंक सांभाळीत लाँचमध्यें बसत असें.

मित्राच्या घरीं पोंचलों, तों नवीच अडचण. कोंकणांतल्या घराचें जोतें उंच; पायऱ्या नऊ. मित्र म्हणाले, “वहिनींना खुर्चीसकट उचलूं या.” ही म्हणाली, “नको. आज तुम्हीं दोघांनीं माझ्या घरीं यावें.”

ते दोघे गाडींत आले. पुतण्यानें चहा उकळला. पण कप हिनें कोणास उचलूं दिले नाहींत. डावा हात कांपत होता, बशींत चहा सांडत होता. मित्राच्या पत्नीपुढें कप ठेवून ती म्हणाली, “सात वर्षें ह्यांना तुम्हीं जेवूं घातलेंत. माझ्या हातचें तुम्हांला कांहीं मिळालें नव्हतें.” त्या बाईंनीं पदर डोळ्यांस लावला. मित्र आणि मी उगाच टाकीच्या तोटीकडे पाहत बसलों.

रात्रीं गाडी त्यांच्याच अंगणांत होती. माडांपलीकडून गाज ऐकूं येत होती. “झोंप येत नाहीं,” ती म्हणाली, “तेव्हां काय काय होतें तें आतां सांगा.” मीं पहिल्या पावसापासून सुरुवात केली.