सुपरहिरोंच्या सिनेमात मुली कुठे असतात?



आपल्या मुलांची दप्तरं, डबे, कंपास पेट्या बघा. स्पायडरमॅन नाहीतर आयर्नमॅन दिसतोच! हे सिनेमे म्हणजे नुसती करमणूक नाही. मुलगा कसा असावा, मुलगी कशी असावी, याचा धडाही ते न सांगता देत असतात. म्हणून तो धडा आपणही एकदा नीट वाचायला हवा, असं मला वाटतं.

मार्व्हल स्टुडिओजचंच उदाहरण घ्या. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मधल्या सहा वीरांत बाई एकच, ब्लॅक विडो. ती पडद्यावर आली २०१० मध्ये. तिच्या नावाचा सिनेमा यायला मात्र २०२१ उजाडलं, आणि तोवर २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये तिचा मृत्यूही दाखवून झाला होता! एकटी स्त्री प्रमुख भूमिकेत असलेला ‘कॅप्टन मार्व्हल’ हा या स्टुडिओच्या मालिकेतला एकविसावा सिनेमा. कॉमिक्समध्येही हेच. ज्यांना मारलं, जखमी केलं किंवा ज्यांची शक्ती काढून घेतली, अशा स्त्री-पात्रांची यादीच गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये मांडली.

मग बाईनं चार ठोसे मारले की झाली का समानता? नाही. पॅटी जेन्किन्स यांच्या ‘वंडर वुमन’मधली (२०१७) डायना लोकांचे हाल बघवत नाहीत म्हणून रणांगणात उतरते. तिथे करुणा हा कमकुवतपणा ठरत नाही. ‘ब्लॅक पँथर’मध्ये (२०१८) शुरी संशोधक आहे, तर ओकोये सेनापती. अनेक जणी असल्या की प्रत्येकीला वेगळं असता येतं.

पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. माझ्या वर्गातल्या मुली स्पायडरमॅनचं दप्तर खुशाल आणतात. वंडर वुमनची बाटली आणणारा मुलगा मात्र मला अजून दिसलेला नाही. मुलीनं मुलासारखं व्हावं, याचं कौतुक. मुलानं मुलीसारखं व्हावं, यात कमीपणा! हे मुलांना कुणी शिकवलं? फक्त सिनेमानं नाही. ‘मुलींसारखा रडतोस काय?’ हे वाक्य घरातलं आणि शाळेतलंच आहे ना?

सिनेमावर बंदी घालून काही होणार नाही. पाहून झाल्यावर मुलांना तीनच प्रश्न विचारा. कोणी कोणाला वाचवलं? निर्णय कोण घेत होतं? रडायची मुभा कोणाला होती? उत्तरं आपण सांगायची नाहीत, ती मुलांकडूनच येऊ द्या. आणि घरात एखादा मुलगा रडलाच, तर त्याला रडू द्या.